फूल असेपर्यंत कात्री लावू नका : आमच्या बाग कमिटीला खुलं पत्र

कमिटीतल्या सगळ्या काका-काकू, ताई-दादांना नमस्कार,

लिफ्टशेजारी लावलेली नोटीस वाचली. "हिवाळी साफसफाई" म्हणून खालच्या बागेतले बी धरलेले, वाढून गेलेले वाफे जमिनीसरसे छाटायचे, पालापाचोळा सगळा उचलायचा, एकदा सगळीकडे औषध मारून घ्यायचं आणि ज्यांच्या गॅलरीत "मधमाश्या येणारी फुलझाडं" आहेत त्यांनी ती काढून टाकायची किंवा आत घ्यायची. हे सगळं मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं हे मान्य, पण मीटिंगमध्ये पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली चार पार्किंगवर जातात, म्हणून लिहूनच काढलं.

नोटीस उगाच निघालेली नाही हे मला माहितीय. मागच्या आठवड्यात खाली खेळताना एका मुलाला माशी चावली, पाय चांगलाच सुजला, आई घाबरली, आणि ते साहजिकच आहे. मी त्या दिवशी खालीच होते. पोरगं लॉनवर अनवाणी पळत होतं आणि माशी पायाखाली आली. चिरडली जायला लागली की माशी चावणारच. पण फुलावर बसलेली माशी आपल्या कामात असते, तिला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. पोळ्याजवळ गेलात तर ती तुटून पडेल, कारण तिथं तिचं घर आहे, पिल्लं आहेत, मध आहे. फुलावर तिचं असं राखायला काहीच नसतं. आणि पिवळे-काळे पट्टे दिसले की मधमाशीच असंही नाही. आपल्या बागेत हवेत एका जागी थांबून तरंगणाऱ्या ज्या बारक्या माश्या दिसतात ना, त्या मधमाश्या नव्हेतच, त्यांना दोनच पंख असतात (मधमाशीला चार) आणि डंख नावाची गोष्टच नसते. नुसतं सोंग घेतलेलं असतं, पक्ष्यांनी घाबरावं म्हणून. पक्ष्यांचं माहीत नाही, पण आपण बरोबर घाबरतो. मधमाश्यांमध्येसुद्धा नराला डंख नसतो, कारण डंख म्हणजे मुळात अंडी घालायच्या अवयवाचंच बदललेलं रूप, तो नराकडे येणार कुठून.

आता मुद्द्याचं. तुम्ही जी साफसफाई काढलीय ती वर्षातल्या सगळ्यात चुकीच्या वेळी काढलीय असं माझं म्हणणं आहे.

हिवाळ्यात कीटक कमी दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की आता तसंही कोणी नाही, बाग मोकळी करायला हीच वेळ बरी. उलट आहे. थंडीत मधमाशीचं गणित फार तंगीत चाललेलं असतं. हवा साधारण १० अंशांच्या खाली गेली की ती सहसा पोळ्याबाहेर पडत नाही, आणि बाहेर पडायचं तर आधी छातीतले पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवावं लागतं, ते साधारण ३० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उडता येत नाही. हे तापवणं साखरेवर चालतं, म्हणजे फुलातल्या मधुरसावर किंवा पोळ्यातल्या साठ्यावर. खूप थंडी पडणाऱ्या ठिकाणी तर अख्खं पोळं एकमेकींना चिकटून गोळा करून बसतं आणि आळीपाळीनं थरथरत आतली ऊब टिकवतं, महिनोन्महिने, साठवलेल्या मधावर. मग मध्येच ऊन पडलं, दोन-चार तास हवा उबदार झाली की माश्या बाहेर येतात. तेव्हा जवळपास काही फुललेलं असलं तर ठीक, नाहीतर केलेला खर्च वाया. आणि ज्या माश्या एकेकट्या राहतात त्यांच्याकडे मधाचा साठाही नसतो. जगात मधमाशीच्या कुळातल्या माश्यांच्या २०,०००च्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच, पोळं नाही, राणी नाही, एकटीच बाई संसार ओढतेय अशा. हिवाळ्यात ज्या बाहेर फिरत असतील त्यांची भिस्त त्या दिवशी जे फुललंय त्यावर.

म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर तुम्ही पाच वाफे कापलेत तर फारसं बिघडत नाही, रस्त्यापलीकडे दहा झाडं फुललेली असतात. आत्ता दोन वाफे कापलेत तर कदाचित या बाजूचं सगळंच कापलंत.

हिवाळ्यात फुलणाऱ्या झाडांनीही यासाठी काय काय करून ठेवलंय ते मला फार आवडतं, म्हणून थोडं सांगतेच, तेवढं सहन करा. कडक थंडीच्या प्रदेशात हेलेबोर नावाचं झाड आहे, बर्फाच्या दिवसांत फुलतं. त्याच्या एका जातीच्या मधुरसात यीस्ट वाढतं, आणि हे यीस्ट साखर खाताना जी उष्णता सोडतं तिनं फुलाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा काही अंश गरम राहते, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजून दाखवलंय. थोडक्यात फुलात शेगडी. विच हेझल नावाचं झुडूप ऐन गारठ्याच्या तोंडावर फुलतं, आणि त्याच्याकडे पतंग येतात, रात्रीचे, तेही आधी थरथरून अंग तापवून. क्रोकसचं फूल ऊब लागली की उघडतं, गार झालं की मिटतं, परागकण वाचवून ठेवतं. आणि थंडीत येणारं गिऱ्हाईक कमी म्हणून अशी बरीच फुलं एकदा उमलली की दिवसचे दिवस टिकतात, कुणीतरी येईपर्यंत दुकान उघडं ठेवतात. आपल्याकडे यातलं काहीच नाही, आपला हिवाळा सौम्य, पण हिशोब तोच आहे. फुलं टिकून राहतात ती उगाच नाही, आणि आपण मात्र "जुनी झाली, मरगळली" म्हणून तीच आधी कापतो.

आता तुम्ही ज्याला रान माजलंय म्हणताय त्या मागच्या कोपऱ्यातल्या दोन वाफ्यांकडे या. तिथं काय आहे? फुलोऱ्यावर गेलेली कोथिंबीर, मोहरी, मंजिऱ्या आलेल्या तुळशी, कॉसमॉस, थोडं अलिसम आणि कॅलेंडुला. मी सुट्टीच्या दिवशी दहा ते बारा तिथं खुर्ची टाकून बसते, लोक म्हणतात काय बघत बसते. तर हे बघत बसते. एकदा तुम्हीही बसा, चहा घेऊन बसा. तुळशीवर बारक्या माश्या असतात, मोहरीवर मधमाश्या, पायांना पिवळे गोळे लावलेल्या, आणि कोथिंबिरीच्या पांढऱ्या छत्र्यांवर त्या तरंगणाऱ्या माश्या. कोथिंबिरीचं फूल इतकं उथळ असतं की आखूड तोंडाच्या किड्यांनाही आतला मधुरस सहज मिळतो, म्हणून तिथं सगळ्यात जास्त गर्दी.

आणि आता जरा ऐका, कारण हे तुमच्याच कामाचं आहे. त्या तरंगणाऱ्या माश्यांच्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारके किडे, खातात. हो, तोच मावा जो दर हिवाळ्यात शेवंतीच्या आणि गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यांवर चढतो आणि ज्याच्यासाठी तुम्ही औषध मारायचं ठरवलंय. एक अळी मोठी होईपर्यंत शेकड्यानं मावा फस्त करते. पण तिची आई मावा खात नाही, तिला मधुरस आणि पराग लागतात, त्याशिवाय तिला अंडी घालता येत नाहीत. म्हणजे कोथिंबीर उपटली की ती जाते, ती गेली की मावा वाढतो, मावा वाढला की आपण औषध मारतो, औषधानं उरलेसुरले मावा खाणारे मरतात आणि पंधरा दिवसांनी मावा परत, या वेळी त्याला खायला कोणीच नाही. हे चक्र आपण दोन वर्षं फिरवतोय आणि दरवेळी औषधाची बाटली जरा मोठी येते.

औषधाबद्दल माझ्याही हातून झालेलं सांगते, नुसता उपदेश नको. काही वर्षांपूर्वी माझ्या गुलाबांवर मावा आला तेव्हा कोणीतरी सांगितलं म्हणून मी कुंडीतल्या मातीत इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक घातलं होतं. मावा गेला, मी खूश. नंतर कळलं की ही औषधं मुळातून झाडाच्या अंगात जातात, पानांत, देठांत आणि फुलातल्या परागकणांत, मधुरसातसुद्धा. वरून धुऊन काढता येत नाहीत, कारण ती वर नसतातच. म्हणजे मी फूल तर लावलं होतं पण ताटात विष वाढून. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये हे आणि याच्या कुळातली आणखी दोन औषधं उघड्या शेतात वापरायला बंदी घातली, ती मुख्यतः माश्यांमुळेच. तेव्हापासून मी मावा दिसला की आधी पाण्याचा जोरात फवारा मारते, बराचसा पडून जातो. अगदीच ऐकत नसेल तर साबणाचं पातळ पाणी किंवा निंबोळी तेल, तेही संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर, पानांवर आणि शेंड्यांवर, उमललेल्या फुलावर अजिबात नाही. वेळ लागतो, दोनतीनदा करावं लागतं. पण माळीदादा सकाळी दहाला पंप पाठीवर घेऊन सगळीकडे सारखंच मारत जातात ना, ते बघवत नाही. त्यांना दोष नाही, त्यांना आपणच तसं सांगितलंय.

नवीन रोपं आणायची यादीही नोटिशीत होती, तीही वाचली. डबल झेंडू, डबल पेटुनिया, मोठ्या गेंदाची शेवंती, पॉइन्सेटिया. दिसायला भारी दिसतात यात वाद नाही. पण डबल फूल म्हणजे काय तर पुंकेसरांच्या जागी पाकळ्या आणलेलं फूल, आणि झेंडू-शेवंतीत मधल्या बारक्या नळीसारख्या फुलांची जागा पाकळीवाल्यांनी घेतलेली. माणसाला डोळ्याचं सुख, माशीला बंद दुकान. पराग नाहीसे किंवा कमी, आणि जे थोडं आहे तिथवर पाकळ्यांच्या गर्दीतून पोचता येत नाही. मी शेजारी शेजारी दोन कुंड्या ठेवून बघितलं, एकेरी झेंडूवर सतत कोणी ना कोणी, गेंदेदार झेंडूवर एक माशी आली, इकडे तिकडे फिरली आणि गेली. बिचारीचा वेळ फुकट. तर डबल नकोच असं नाही म्हणत, गेटपाशी दोन रांगा लावा फोटोसाठी, पण निम्मी तरी एकेरी घ्या. नर्सरीत मागितलं तर मिळतात, नाहीतर बी टाका, एकेरी कॉसमॉस तर टाकून विसरलं तरी येतो. साल्व्हिया घ्या, त्याच्या फुलात माशी शिरली की पुंकेसर तरफेसारखे खाली येऊन तिच्या पाठीवर पराग टेकवतात, मुलांना दाखवायला याहून चांगला खेळ नाही. स्नॅपड्रॅगन घ्या, ज्याला नर्सरीवाले डॉग फ्लॉवर म्हणतात. त्याचं तोंड बंद असतं आणि बारकी माशी ते उघडूच शकत नाही, वजनदार माशी बसली की उघडतं.

आणि लावताना कृपया एक इथं एक तिथं असं रांगोळीसारखं नको. एकाच जातीची पाच-सात रोपं एकत्र, घोळक्यानं. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलावर जात राहते, हे तर ॲरिस्टॉटलनंसुद्धा नोंदवून ठेवलंय. तिला एकाच जागी भरपूर मिळालं तर फेरी परवडते, आणि थंडीत परवडणं हाच तर सगळा प्रश्न. शिवाय वाफा उन्हात हवा. हिवाळ्यात माशीची पाळी दुपारची असते, आपल्या भिंतीच्या सावलीत लावलेल्या पेटुनियाकडे ती कधी जाणार?

पॉइन्सेटियावरून आठवलं. आपल्या गेटजवळच्या पॉइन्सेटियाला यंदा रंगच आला नाही म्हणून खत घाला असं ठरलंय. खतानं नाही होणार. ती लाल पाकळी नसून पान असतं, आणि ते लाल व्हायला, फुलायला त्या झाडाला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. गार्नर आणि ॲलार्ड या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं होतं की दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडं फुलायचं ठरवतात, शेवंती आणि पॉइन्सेटिया त्याच पंथातल्या. आपण बरोबर त्याच्या डोक्यावर नवीन फ्लडलाइट लावलाय, रात्रभर चालू. झाडाला वाटतंय रात्र होतच नाहीये. त्या दिव्याला टायमर लावा, किंवा निदान तोंड रस्त्याकडे वळवा. याचा दुसरा फायदा पतंगांना. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांत रात्री दिवे लावून बघितलं तर रात्रीच्या कीटकांच्या फुलांवरच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या, २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपण रात्रपाळीवाल्यांचा विचारच करत नाही, कारण तेव्हा आपण झोपलेलो असतो.

पालापाचोळ्याचं थोडक्यात. वाटेवरचा झाडा, गटारात जाणारा उचला, पण झाडांच्या बुंध्याशी असलेला राहू द्या. आणि वाळलेल्या पोकळ काड्या जमिनीसरशा नका कापू, गुडघ्याइतक्या ठेवा, त्यात एकट्या राहणाऱ्या काही माश्या घर करतात. पण एकट्या माश्यांपैकी बहुतेक, साधारण ७० टक्के जाती, जमिनीत बिळं करून राहतात. म्हणून सगळ्या मोकळ्या मातीवर ते प्लास्टिक कापड अंथरून वर पांढरे खडे टाकायची जी कल्पना आहे ती प्लीज सोडा, ते दिसतं हॉटेलच्या लॉबीसारखं आणि खाली सगळं गुदमरतं. एक हातभर उघडी, उन्हातली, न खणलेली जमीन ठेवा, बस.

गॅलऱ्यांचं काय ते बोलू. माझ्याकडे टोमॅटोच्या चार कुंड्या आहेत हे तुम्हाला माहितीच आहे, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यातले टोमॅटो खाल्लेत. टोमॅटोच्या फुलात पराग एका बंद नळीत असतात, टोकाला बारीकसं भोक. मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून एका विशिष्ट आवाजात गुणगुणते, त्या थरथरीनं पराग मिठासारखे खाली सांडतात. वाऱ्यानंही थोडं होतं, पण आपल्या त्या आडोशाच्या बाजूला वाराच नाही. एका वर्षी भुंगे आलेच नाहीत तेव्हा मी इलेक्ट्रिक टूथब्रश घेऊन एकेका फुलाला लावत होते, समोरच्या विंगमधून लोक बघत होते, तेव्हापासून माझ्याबद्दल काय बोललं जातं तेही मला माहितीय. भुंगा फुकटात करतो, म्हणून मी त्याच्यासाठी कुंड्यांमध्ये तुळस आणि साल्व्हिया ठेवते आणि त्या काढणार नाही. ज्या घरात कोणाला डंखाची ॲलर्जी आहे तिथं अर्थातच त्यांच्या खिडकीलगत कोणी फुलं ठेवू नयेत, आणि खालीसुद्धा बाकांपासून, मुलांच्या खेळायच्या जागेपासून फुलांचे वाफे चार पावलं लांब असावेत, हे मी स्वतः लिहून द्यायला तयार आहे. इमारतीला पोळं लागलं तर तो वेगळा विषय. त्यासाठी जाणकार माणूस बोलवायचा, पोळं जिवंत हलवता येतं का ते विचारायचं, धूर करून जाळायचं नाही. फुलं कापल्यानं पोळं जात नाही, माश्या फक्त लांब जाऊन आणतात.

आपणच २० मेला जागतिक मधमाशी दिनाचं पोस्टर त्याच लिफ्टशेजारी लावलं होतं, मुलांनी काढलेलं, खाली सगळ्यांच्या सह्या. नोटीस त्याच पोस्टरवर चिकटवलीय, वरून अजून एक पंख दिसतो.

तर मागणी एवढीच. मागचे दोन वाफे बी पिकेपर्यंत राहू द्या, नंतर मी स्वतः कापून बी गोळा करून देते, पुढच्या वर्षी रोपं विकत आणायला नकोत. तुळशींपैकी निम्म्यांच्या मंजिऱ्या खुडा, झाड टिकायला ते लागतंच, निम्म्यांच्या ठेवा, पंधरा दिवसांनी उलट. फवारणी रद्द, आणि अगदी करायचीच असली तर संध्याकाळी, फक्त मावा असलेल्या झाडावर, आणि कुठलं औषध ते आधी सांगून. पाण्यासाठी एक उथळ ताटली ठेवते मी, खडे घालून, नाहीतर माश्या बुडतात. रोज पाणी बदलायचं कामही माझंच, डासांचं कारण नको.

माळीदादा गुरुवारी सकाळी छाटणीला येणार आहेत. त्यांच्याशी बोलून झालंय, ते म्हणाले कमिटीनं सांगितलं तर थांबतो. मी त्या दोन वाफ्यांभोवती सुतळी बांधून लाल चिंध्या लावून ठेवल्यात. निर्णय होईपर्यंत ती सुतळी कोणी सोडू नये ही विनंती, आणि बुधवारी अकरा वाजता तिथं दोन जास्तीच्या खुर्च्या टाकलेल्या असतील, कमिटीतलं कोणीही या.

तुमचीच,
दुसऱ्या मजल्यावरची, टूथब्रशवाली